डॉक्टरांच्या आडवाटेच्या भूमिका



गेल्या महिन्यात नात सुट्टीला आली होती. तिच्या कॉलेजात 'नटसम्राट'वर काहीतरी कार्यक्रम होता आणि तिला डॉ. श्रीराम लागूंबद्दल चार ओळी लिहून हव्या होत्या. मी उत्साहाने बसलो आणि चाराच्या चाळीस ओळी केल्या. तिने त्या वाचल्या आणि म्हणाली, "आजोबा, हे सगळं विकिपीडियावर आहे. तुम्हाला स्वतःला ते कशात आवडले ते सांगा ना."

पोरीने बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं. कारण लागू म्हटले की आम्ही सगळे गणपतराव बेलवलकरांपाशी जाऊन थांबतो. २३ डिसेंबर १९७० ला 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग झाला आणि त्या एका भूमिकेने डॉक्टरांच्या बाकीच्या कामावर जी सावली धरली ती आजतागायत हटलेली नाही. फार तर 'सामना'तले मास्तर, 'पिंजरा'तले गुरुजी, 'सिंहासन'मधले विश्वासराव दाभाडे. त्यापलीकडे हिंदीत त्यांनी जे ढिगाने काम केलं ते "पोटासाठी केलं हो, सोडून द्या" अशा सुरात आम्ही मोडीत काढतो. मीही त्यातलाच. पण नातीच्या प्रश्नाने रात्री झोप लागेना, आणि आठवत बसलो तर लक्षात आलं की माझ्या स्वतःच्या घरात ज्या भूमिकेने खळबळ केली ती 'नटसम्राट' नव्हतीच. ती होती एका अशा हिंदी चित्रपटातली, ज्याचं नाव आज दहातल्या नऊ जणांनी ऐकलेलं नसेल. त्याबद्दल लिहायचं आहे. पण माझी सवय तुम्हाला माहीत आहे, मी सरळ मुद्द्यावर येत नाही. थोडा धीर धरा.

'पिंजरा' आला १९७२ साली. मी नुकताच बी.ए. होऊन कोयनेच्या बाजूच्या एका गावात शाळेवर रुजू झालो होतो. दुष्काळाचं वर्ष. तशातही तालुक्याच्या गावी तंबूत 'पिंजरा' लागला आणि गाड्या भरभरून माणसं गेली. आदर्श गुरुजी तमासगिरीणीच्या नादी लागतो, स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली फासावर जातो, ही गोष्ट गावाने पाहिली आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे बघण्याची नजर बदलली! पारावरची म्हातारी मंडळी "काय मास्तर, जत्रेला येणार का?" असं विचारून एकमेकांना कोपरखळ्या मारत. पुढे वर्षभर मी तमाशाच्या तंबूच्या दिशेने पानाच्या ठेल्यावरसुद्धा गेलो नाही. तर डॉक्टर लागूंशी माझं नातं असं सुरू झालं. ते डॉक्टर आहेत, कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक आहेत, टांझानियातली डॉक्टरकी सोडून १९६९ साली 'इथे ओशाळला मृत्यू' या नाटकापासून पूर्णवेळ नट झाले आहेत, हे सगळं नंतर कळलं. चाळिशीच्या उंबरठ्यावर एवढी विद्या बाजूला ठेवून तोंडाला रंग लावणारा माणूस आमच्या नानांना (म्हणजे वडिलांना) अजिबात पटला नव्हता. "घशाचा डॉक्टर, आणि स्वतःचाच घसा विकायला काढला," असं ते म्हणायचे. मात्र डॉक्टर मूळचे साताऱ्याचे, १९२७ चा जन्म तिथलाच, त्यामुळे आपल्या जिल्ह्याचा माणूस म्हणून एक अभिमानही होता.

असो. हिंदी चित्रपटांकडे वळतो.

१९७७ साली 'इन्कार' नावाचा चित्रपट आला. राज सिप्पींचा. त्यातलं हेलनवर चित्रित झालेलं, उषा मंगेशकरांनी गायलेलं गाणं माझ्या पिढीतल्या प्रत्येकाला पाठ आहे. चित्रपटात लागू होते, हे विचारा, कुणी सांगणार नाही. मूळ गोष्ट अकिरा कुरोसावाच्या १९६३ च्या 'हाय अँड लो'ची, आणि तिचंही मूळ एका अमेरिकन कादंबरीत. बुटांच्या कारखान्याचा मालक. त्याच्या मुलाला पळवायला आलेले लोक चुकून नोकराच्या मुलाला पळवतात आणि खंडणी मात्र मालकाकडेच मागतात. आता द्यायची की नाही? आपला मुलगा तर सुखरूप घरात आहे. द्यावी तर धंदा बुडतो. पूर्वार्धाचा सगळा भार या पेचावर आहे आणि हा पेच वाहणारे लागू. विनोद खन्ना आणि अमजद खान यांच्या धावपळीत या माणसाच्या दिवाणखान्यातल्या घुसमटीकडे कोण बघतो? मी तेव्हा पाहिलं नाही. नातीने परवा शोधून दिला तेव्हा पाहिलं. नोकराकडे न बघता बोलणारा मालक त्यांनी असा उभा केला आहे की त्या न बघण्यातच त्याचं हरणं दिसतं.

त्याच वर्षी 'घरौंदा' आला. भीमसेन यांचा, कथा शंकर शेष यांची. हा काही अगदीच अनोळखी चित्रपट नाही, त्यातली गाणी अजून रेडिओवर लागतात. मुंबईत एक खोली मिळावी म्हणून धडपडणारं जोडपं, अमोल पालेकर आणि झरीना वहाब. बिल्डर फसवतो, पैसे बुडतात. मग त्या तरुणाच्या डोक्यात एक भयंकर कल्पना येते. त्यांचा साहेब मोदी श्रीमंत आहे, एकटा आहे, हृदयविकाराने आजारी आहे आणि त्याने हिला मागणी घातली आहे. तर हिने त्याच्याशी लग्न करावं. तो असा किती दिवस जगणार? मग पैसाही आपला आणि घरही आपलं.

हा मोदी म्हणजे लागू. खलनायक करायचा मोह कुणालाही झाला असता. म्हातारा, पैसेवाला, तरुण पोरीशी लग्न करणारा. पटकथेत त्याला ओंगळ करायला भरपूर जागा होती. डॉक्टरांनी त्याला सभ्य केलं, आणि सभ्य म्हणजे गुळचट नव्हे. थोडा अवघडलेला, आपलं वय ओळखून असलेला, आणि आपल्याला कुणी प्रेम देईल याची खात्री नसलेला माणूस. त्यामुळे काय होतं, की प्रेक्षक ज्याच्या मरणाची वाट बघत खुर्चीत बसलेला असतो त्याच्याच बाजूने हळूहळू झुकतो. आणि तो मरत नाही! लग्नानंतर त्याची तब्येत सुधारते. या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअर मिळालं.

हे 'घरौंदा' नीट लक्षात ठेवा, कारण आता मी मुख्य चित्रपटाकडे येतो.

'अनकही'. साल १९८५. दिग्दर्शक अमोल पालेकर. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या 'कालाय तस्मै नमः' या मराठी नाटकावरून घेतलेला हिंदी चित्रपट. संगीत जयदेव यांचं, आणि त्यातल्या गायनासाठी पं. भीमसेन जोशींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. जयदेवांनाही मिळाला. पुरस्कारांची नोंद राहिली, चित्रपट मात्र विस्मृतीत गेला.

गोष्ट थोडक्यात अशी. एक नामांकित ज्योतिषी आहेत, त्यांचं भाकीत कधी चुकत नाही. त्यांच्या मुलाचं एका मुलीवर प्रेम आहे. पण वडिलांनी मुलाची पत्रिका पाहून ठेवली आहे. त्याची दोन लग्नं होणार, आणि पहिली बायको बाळंतपणात जाणार. मुलगा आधुनिक आहे, थट्टा करतो, पण आत कुठेतरी घाबरतो. आपली आवडती माणूस मरायला नको. मग करायचं काय? वडिलांच्या ओळखीतल्या एका कुटुंबातली इंदू नावाची मुलगी (ती दीप्ती नवल) उपचारासाठी त्यांच्या घरी आली आहे. मनाने दुबळी, भेदरलेली. तिच्याशी आधी लग्न करायचं. ती जाईल. मग आवडतीशी दुसरं लग्न करायचं.

पुढे काय होतं ते सांगत नाही. मिळाला तर बघा.

पण 'घरौंदा'शी जोडून पाहा बरं. दोन्ही चित्रपटांत पालेकर एका निरपराध माणसाच्या मरणावर आपल्या संसाराचा पाया घालू बघतात. पहिल्यात ज्याच्या मरणाची वाट बघायची तो लागू. दुसऱ्यात ज्याने मरण वाचून दाखवलं तो लागू. आठ वर्षांच्या अंतराने एकाच सापळ्याच्या दोन टोकांना हा नट उभा राहिला आणि दोन्हीकडे त्याने तो माणूस आपल्या घरातला वाटेल असा केला. कुणी समीक्षकाने हे लिहिलं असेल तर माझ्या वाचनात नाही, जाणकारांनी भर घालावी.

आणि आता खरी गंमत. डॉक्टर लागू कट्टर नास्तिक. देवाला आता रिटायर करा, असं जाहीर व्यासपीठावरून सांगणारे. ज्योतिष तर त्यांच्या लेखी थोतांडच. असा माणूस ज्योतिषी साकारतो तेव्हा आपली अपेक्षा काय असते? तो त्याला थोडा तरी हास्यास्पद करेल, कुठेतरी डोळा मारेल. आमच्या मराठी नाटकातले भटजी-ज्योतिषी आठवून पाहा, शेंडी आणि दक्षिणा यापलीकडे त्यांना काही नसतं. डॉक्टरांनी यातलं काही केलं नाही. त्यांचा ज्योतिषी ढोंगी नाही, लोभी नाही. तो मनापासून विश्वास ठेवणारा विद्वान आहे, आणि त्याच विद्येने त्याच्याच मुलाच्या घरात आग लावली आहे. आपलं शास्त्र खरं ठरलं तर सून जाते आणि खोटं ठरलं तर आयुष्य जातं, अशी त्याची अवस्था. ही अवस्था त्यांनी आवाज न चढवता दाखवली. 'नटसम्राट'मध्ये थिएटरच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा तो आवाज इथे असा घरगुती होतो, की आपण शेजारच्या खोलीतून ऐकतो आहोत असं वाटतं.

आमच्याकडे हा चित्रपट १९८८ च्या मे महिन्यात आला. म्हणजे चुलतभावाने व्हीसीआर आणि तीन कॅसेट भाड्याने आणल्या होत्या, त्यातली ही एक. दोन कॅसेट मारामारीच्या, त्या मुलांनी पाहिल्या. रात्री जेवणं झाल्यावर ही लावली. नाना तेव्हा ऐंशीच्या घरात होते. ते कधी सिनेमा बघत नसत, पण त्या दिवशी भिंतीला टेकून बसले.

नाना पत्रिका बघत असत. धंदा म्हणून नव्हे, पैसे कधी घेतले नाहीत. पोस्टात नोकरी, आणि सकाळ-संध्याकाळ ओटीवर माणसं कागद घेऊन बसलेली. गावात त्यांच्या शब्दाला मान होता. आणि आता जे लिहितो आहे ते आमच्या नात्यातल्या बऱ्याच जणांना अर्धवट माहीत आहे, काहींना मुळीच नाही. ताईची परवानगी घेऊन लिहितो आहे.

माझ्या ताईचं १९६६ साली एक स्थळ आलं होतं. कऱ्हाडचं. मुलगा शिकलेला, घर साधं, त्यांना ताई पसंत आणि ताईलाही तो पसंत. त्या काळी मुलीची पसंती कुणी विचारत नसे, पण मला माहीत होतं, कारण तिने मला सांगितलं होतं. मी सतरा वर्षांचा, ती तेवीसची. नानांनी दोन्ही पत्रिका समोर ठेवल्या, दोन दिवस आकडेमोड केली आणि मृत्युषडाष्टक आहे असं सांगून नकार कळवला. मुलाकडच्यांनी पुन्हा निरोप पाठवला की आम्ही पत्रिका मानत नाही. नाना म्हणाले, "तुम्ही मानू नका. मी वाचली आहे, आता मला न वाचल्यासारखं करता येत नाही."

त्यानंतर ताईचं लग्न जमायला आठ वर्षं लागली. एकतिसाव्या वर्षी बिजवराशी झालं, एक लहान मुलगा पदरात असलेल्या. भाऊजी चांगले होते, माझी तक्रार नाही. ते १९९९ साली गेले. कऱ्हाडच्या त्या गृहस्थांचा सहस्रचंद्रदर्शनाचा फोटो काही वर्षांपूर्वी स्थानिक पेपरात आला होता. मी तो कापून ठेवला, का ते मला सांगता येणार नाही.

तर १९८८ ची ती रात्र. चित्रपट संपला. मुलं झोपली होती. नाना कितीतरी वेळ त्या निळ्या पडद्याकडे बघत राहिले. मग मला म्हणाले,

"हा तुमचा डॉक्टर खरंच देव मानत नाही?"

"नाही नाना. जाहीर सांगतात ते."

"आणि हे? ज्योतिष?"

"ते तर नाहीच नाही."

"मग हे कुठून आणलं त्याने?" असं म्हणून ते उठले आणि आत गेले. पुढे तीन वर्षांनी, १९९१ साली, ते वारले. ओटीवर माणसं त्या उन्हाळ्यानंतरही येत राहिली, पण लग्नाच्या पत्रिका नाना घेईनासे झाले. डोळ्यांचं कारण सांगत. डोळे खरोखर कमी झालेच होते, त्यामुळे मी सिनेमामुळे असं झालं म्हणणार नाही. पण मुहूर्त ते अगदी शेवटपर्यंत काढून देत होते, आणि पंचांगातली अक्षरं पत्रिकेतल्या अक्षरांपेक्षा मोठी नसतात.

मी जेव्हा डॉक्टरांच्या हिंदी कामाला "पोटासाठी" म्हणायचो तेव्हा ही रात्र विसरून म्हणायचो, हे आता कबूल करतो.

या ज्योतिष्याला जोड म्हणून बघण्यासारखा आणखी एक चित्रपट आहे, 'गहराई', १९८० चा. विकास देसाई आणि अरुणा राजे यांनी मिळून दिग्दर्शित केलेला, लेखनात विजय तेंडुलकर. भुताखेताचा चित्रपट म्हणून त्याची जाहिरात झाली आणि भुताखेताच्या प्रेक्षकांनी तो पाहिला, त्यामुळे त्याचं नुकसानच झालं असं माझं मत. कर्नाटकातलं एक घर. बाप चेन्नबसप्पा (लागू) गावाकडची वडिलोपार्जित जमीन साबणाच्या कारखान्याला विकून टाकतो. ती जमीन वर्षानुवर्षं राखणाऱ्या गड्याला काय वाटतं हे विचारायची त्याला गरज वाटत नाही. आणि मग त्याची शाळकरी मुलगी, पद्मिनी कोल्हापुरे, वेगळ्याच आवाजात बोलू लागते. ती बोलते ते बापाच्या जुन्या वागण्याबद्दल. अनंत नाग भाऊ, इंद्राणी मुखर्जी आई, अमरीश पुरी मांत्रिक.

इथे लागू नेमके उलट्या जागी आहेत. 'अनकही'त विश्वास ठेवणारा, इथे न ठेवणारा. डॉक्टरी उपचारांवर भिस्त ठेवणारा शिकला-सवरलेला बाप, जो एकेक पायरी खाली उतरत मांत्रिकांच्या दारात जातो. तुम्हाला वाटेल की निदान इथे तरी त्यांनी स्वतःची बाजू घेतली असेल. छे! हा बुद्धिवादी गृहस्थ त्यांनी चांगलाच गर्विष्ठ केला आहे. त्याची आधुनिकता म्हणजे जमिनीचा भाव करणं. आपल्याच विचारांचा माणूस रंगवताना त्याला सूट न देणं हे मला विरोधकाला न्याय देण्यापेक्षाही अवघड वाटतं. आम्ही मास्तर लोक निबंध तपासताना आपल्या मताच्या मुलाला दोन मार्क जास्त देतोच, कितीही नाही म्हटलं तरी.

मी स्वतः आस्तिक आहे. रोज सकाळी देवपूजा करतो. त्यामुळे 'विवेक जागरा'च्या कार्यक्रमाला मी गेलो होतो तो वाद घालायच्या तयारीने. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि डॉ. लागू यांचा हा वाद-संवाद महाराष्ट्रभर गावोगाव व्हायचा. लागू म्हणायचे, देव ही कल्पनाच टाकून द्या. दाभोलकर म्हणायचे, आमची समिती देवाधर्माच्या विरोधात नाही, देवाच्या नावावर होणाऱ्या शोषणाच्या विरोधात आहे. म्हणजे एकाच मंचावरच्या दोघांतही मतभेद, आणि तो लोकांसमोर, हसत. मी चार प्रश्न कागदावर लिहून नेले होते. विचारला एकच, तोही दुसऱ्याच कुणीतरी माझ्या आधी विचारला. पण मला आठवतो तो डॉक्टरांचा ऐकण्याचा ढंग. प्रश्न विचारणारा कितीही रागावून बोलला तरी ते मान किंचित कलती करून संपूर्ण ऐकत. ज्योतिष्याचं मन त्यांनी "कुठून आणलं" या नानांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला तिथे मिळालं. दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात गोळ्या घालून हत्या झाली, तेव्हा लागू पंच्याऐंशी वर्षांचे होते.

आणखी एक गोष्ट लिहिली पाहिजे. १९९४ साली त्यांचा तरुण मुलगा तन्वीर लोकलमधून जाताना बाहेरून कुणीतरी भिरकावलेल्या दगडाने गेला. अशा आघातानंतर भलेभले लोक नशिबाच्या, ग्रहांच्या आश्रयाला जातात, त्यांना दोष देण्याची माझी छाती नाही. डॉक्टर गेले नाहीत. मुलाच्या नावाने त्यांनी आणि दीपाताईंनी रंगकर्मींसाठी 'तन्वीर सन्मान' सुरू केला. त्यांच्या आत्मचरित्राचं नाव 'लमाण'. लमाण म्हणजे मालाची ने-आण करणारा. माल दुसऱ्याचा, आपण फक्त पोहोचवायचा. नटाच्या कामाबद्दल याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही.

बाकीच्या हिंदी चित्रपटांबद्दल मी फार लिहीत नाही, कारण त्यांतलं बरंच काम खरोखरच मोडीत काढण्यासारखं आहे. इन्स्पेक्टर, वकील, नायिकेचा बाप, न्यायाधीश. डॉक्टर तिथे हजेरी लावून येत, असं मला तरी दिसतं. एक अपवाद 'लावारिस'मधला गंगू गणपत, बेवारस पोराला सांभाळणारा दारुडा. 'सामना'तले मास्तरही दारुडेच. दोघांना शेजारी बसवून पाहा, दारू एकच नाही! मास्तर पितात ते काहीतरी विसरण्यासाठी, आणि विसरता येत नाही म्हणून मारुती कांबळेचं काय झालं हे विचारत सुटतात. गंगू पितो कारण त्याला पिण्याखेरीज दुसरं काही येत नाही. आणि रिचर्ड ॲटनबरोंच्या 'गांधी'त (१९८२) गोपाळ कृष्ण गोखले! अगदी थोडा वेळ. पण थकलेला, आजारी, तरीही समोरच्या नवख्या माणसाला आधी देश बघून ये म्हणून सांगणारा गोखल्यांचा मोठेपणा त्या थोड्या वेळात दिसतो. वर्गात गोखले शिकवताना माझ्या डोळ्यांसमोर पुस्तकातलं चित्र न येता डॉक्टरच येत, हा मात्र त्रास झाला.

शेवटचा चित्रपट 'एक दिन अचानक', १९८९, मृणाल सेन यांचा. रमापद चौधुरींच्या बंगाली कादंबरीवरचा हिंदी चित्रपट. कलकत्त्यातले एक प्राध्यापक धो धो पावसात संध्याकाळी घराबाहेर पडतात आणि परत येत नाहीत. बस, एवढंच. अपघात नाही, चिठ्ठी नाही, प्रेत नाही. मागे बायको, दोन मुली, एक मुलगा. ते वाट बघतात, शोधतात, मग एकमेकांवर चिडतात, आणि मग हळूहळू त्या माणसाबद्दल नवीन काहीतरी बोलू लागतात. तो खरंच एवढा मोठा विद्वान होता का? त्या विद्यार्थिनीशी त्याचं काय होतं? आपण त्याला ओळखत तरी होतो का?

इथे लागूंना काम फार थोडं आहे. ते दिसतात ते घरच्यांच्या आठवणींत. म्हणजे मध्यवर्ती पात्र, आणि जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर घराबाहेर! बायकोच्या भूमिकेत उत्तरा बावकर, त्यांना या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शबाना आझमी मोठी मुलगी. कलकत्त्याच्या बंगाली घरात नवरा-बायको दोन्ही आपले मराठी नट, आणि ते कुठे खटकत नाही. प्रत्येकाच्या आठवणीतला प्राध्यापक किंचित वेगळा आहे. मोठ्या मुलीच्या आठवणीत एक, बायकोच्या आठवणीत दुसरा. लागूंनी हे कपडे किंवा ढब बदलून केलेलं नाही. कुणाकडे ते बघतात आणि कुणाकडे बघायचं टाळतात, एवढ्यावर केलं आहे. निवृत्त होऊन मला बरीच वर्षं झाली. आपण गेल्यावर घरातले जेवणाच्या टेबलाशी आपल्याबद्दल काय बोलतील, हा प्रश्न या वयात पडतोच, आणि हा चित्रपट बघताना तो जरा जास्तच पडला. रात्री अडीच वाजता उठून पाणी प्यायलो.

डॉक्टर १७ डिसेंबर २०१९ ला पुण्यात गेले, ब्याण्णव वर्षांचे होऊन. त्या आठवड्यात सगळ्या वाहिन्यांवर 'नटसम्राट'चीच स्वगतं लावली होती.

ताईबद्दल अर्धवट सोडलं, ते पूर्ण करतो. १९८८ च्या त्या रात्रीबद्दल मी तिला कधी बोललो नव्हतो. हा लेख लिहायचा तर तिला विचारायला हवं म्हणून फोन केला. ती सांगलीला असते, वय ब्याऐंशी, कान तिखट. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आधी सिनेमा दाखव, मग लिही काय लिहायचं ते." भाच्याने टीव्हीवर लावून दिला. दुसऱ्या दिवशी तिचाच फोन.

"पाहिला रे. तुझे डॉक्टर नानांपेक्षा फारच देखणे आहेत."

मी म्हटलं, "ते सोड. बाकी?"

"बाकी काय? सगळे त्या ज्योतिष्याचं काय होणार, त्या मुलाचं काय होणार, यातच. त्या इंदूला विचारलं का रे कुणी लग्नाआधी? तिला सांगितलं तरी का, की बाई, तुझ्यावर हे असं लिहून ठेवलंय?"

मी गप्प. १९६६ साली ओटीच्या मागच्या दाराशी उभं राहून मी सगळं ऐकलं होतं आणि तेव्हाही गप्पच होतो.

"लिही," ती म्हणाली. "नानांबद्दल वाईट लिहू नकोस. आणि तो पावसात गेलेल्या प्रोफेसरचा सिनेमा म्हणालास ना, तोही पाठव. नको, तूच ये घेऊन. इथे पोरांना वेळ नसतो."

रविवारी सकाळच्या गाडीने निघतो आहे. तिला कंदी पेढे लागतात, ते आज आणून ठेवले.

चूभूद्याघ्या.